उंडीच्या तेलातलं तळं

हिरव्या रंगाला बंदी घालणारा ड्रॉइंगचा मास्तर कुठे असावा, तर कोकणात. आजूबाजूला आंबे, फणस, माड, पोफळी, भाताची खाचरं, पावसाळ्यात तर कुंपणाच्या गडग्याचे दगडसुद्धा हिरवे. आणि आमचे मास्तर जूनमध्ये वर्गात शिरल्याबरोबर पोरांच्या रंगपेट्या तपासून हिरव्या वड्या काढून घ्यायचे. त्या एप्रिलात परत मिळायच्या. स्टाफरूममधल्या त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, तो काठोकाठ हिरव्या वड्यांनी भरलेला असे.

"हिरवो रंग असो कायच नसता, सर," ते मला सांगत. "पिवळो आनी काळो भांडतत, त्येका आपण हिरवो म्हणतो."

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. साताऱ्याकडचा माणूस. मालवण तालुक्यातल्या आडगावात नोकरी लागली म्हणून घाट उतरलो आणि सगळी नोकरी तिथेच काढली. स्वभावाने तिरकस. समोरच्याला एखादं वाक्य फेकून मारायचं आणि लोक हसले की दिवसभर त्या हशावर खूश राहायचं, अशी मला खोड होती. मास्तरांविषयी लिहायला बसलो आहे, पण त्यांच्याबरोबर मलाही इथे यावं लागणार आहे, आणि माझं येणं काही चांगलं नाही. मास्तर आता नाहीत. असते तरी त्यांनी हे वाचलं नसतं, कारण शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं.

उंच, पाठीत किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, आणि त्या शर्टाच्या बाह्या कधीही पांढऱ्या नाहीत. उजव्या हाताची करंगळी ते कायम इतर बोटांपासून वेगळी धरायचे. जेवताना वेगळी, खडू धरताना वेगळी, कुणाला नमस्कार करतानाही ती जराशी बाजूला. चित्र वाळलं की नाही हे बघायचं ते बोट. त्याला दुसऱ्या कशाचा स्पर्श झाला तर ते बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला करंगळी अलगद टेकवायची, उचलायची, उजेडात धरून बघायची आणि मग निकाल सांगायचा. शाळेतल्या पोरांना त्यांची नक्कल करायला एवढी करंगळी पुरायची.

एकदा मालवणहून संध्याकाळच्या एसटीने परत येत होतो, तर मास्तर गाडीत उभे आणि त्यांच्या जागेवर चित्र बसलेलं. दिवसभर बंदरावर बसून काढलेला समुद्र होता तो. कंडक्टर ओळखीचा. त्याने विचारलं, "मास्तर, ह्येचा तिकीट?"

"फाडा. फूल फाडा. पण बाजूक कोणाक बसवू नकात. ओला आसा."

पुढच्या थांब्यावर एक मासेवाली चढली. दिवसभर बाजारात बसून पाय दुखत असणार. तिने जागा बघितली आणि बसली. मास्तर ओरडेपर्यंत तिच्या पदराला समुद्र लागला होता. ती पदराकडे बघत म्हणाली, "मास्तरानू, आता ह्या धुतलंय तर तुमचो दर्या जातलो, आनी नाय धुतलंय तर माझो घोव इचारतलो." सगळी गाडी हसली. मास्तरांचं लक्षच नव्हतं. ते चित्रातून काय पुसलं गेलं ते वाकून बघत होते. मग समाधानाने म्हणाले, "बरा झाला. थंय फेस जास्तच होतो."

दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी, आकाशात चार पक्षी. हे चित्र साऱ्या महाराष्ट्रातली पोरं काढतात आणि पास होतात. मास्तरांनी एका वर्षी अख्ख्या सातवीला त्यासाठी शून्य दिलं. एकाला उभं करून विचारलं, "ह्यो सूर्य उगवता काय बुडता?" पोरगा म्हणाला, बुडतो. "डोंगरात बुडता? तुका शाळेत येताना समुद्र दिसता मा? मगे तुझो सूर्य घाटार जावन कसो बुडलो?" मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. ऑफिसात मास्तर शुद्ध बोलायचे. म्हणाले, "सर, सूर्य कुठे बुडतो हे ज्याला माहीत नाही त्याला मी पास केला, तर उद्या तो होडी घेऊन परत किनाऱ्याला कसा येईल?" मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, पण शून्याचे पस्तीस मात्र करायला लावले.

त्यांचे तेलरंग ते शक्य तेवढे स्वतः बनवत. तांबडा रंग जांभ्या दगडाचा, काळा करवंटीच्या कोळशाचा, पिवळा विहीर खणताना खाली लागणाऱ्या मातीचा. पांढरा तेवढा बाजारचा, ट्यूबमधला. त्याला ते 'पाव्हणो' म्हणत आणि पाहुण्याला वाढावं तसा थोडा थोडा वापरत. हे सगळं वस्त्रगाळ करून तेलात घोटायला त्यांनी घरातला पाटा-वरवंटा घेतला होता. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, फार सोसणाऱ्यातल्या नव्हत्या. मी एकदा जेवायला गेलो असताना त्यांनी ताटात चटणी वाढली आणि म्हणाल्या, "खावा सर. तांबडी दिसता ती मिरचीन काय दगडान, ता माका इचारू नकात." मास्तर मान खाली घालून जेवत होते, करंगळी वर.

तेलरंगाचा त्यांचा एकच नियम होता आणि तो ते येईल त्याला ऐकवत: "आधी पेज, मागसून तूप." म्हणजे खालचे थर पातळ, टर्पेंटाइन जास्त आणि तेल कमी, पेजेसारखे, ते लवकर वाळतात. तेलकट थर वर, सगळ्यांत शेवटी. उलटं केलं तर वरचा थर आधी आवळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला भेगा पडतात. कापड आधी सरस आणि पांढरं अस्तर लावून बंद करायचं, कारण कापड तेल प्यायला लागलं की कुजतं. त्यावर जांभ्याच्या तांबड्या रंगाचा जवसाच्या तेलातला पातळ हात. चित्र कसलंही असो, खाली तांबडं. "कोकणात हिरव्या खाली तांबडी माती आसता का नाय? मगे चित्रात नको?" मला चित्रकलेतलं काही कळत नव्हतं, पण हे पटायचं.

पावसाळ्यात मात्र कोणताच नियम चालायचा नाही. जून ते सप्टेंबर हवेलाच घाम सुटलेला. तेलरंग वाळायच्या ऐवजी त्यावर बुरशी धरायची. मास्तर मग चित्रं चुलीच्या वर माळ्यावर लटकवत, तिथे ती धुराने पिवळी पडत. "चार म्हयने चित्रांका आजारपण," ते म्हणत. ऑक्टोबरात ती खाली उतरवून पुसताना बघितलं की आजाऱ्याचं अंग पुसतायत असंच वाटे.

त्यांच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर धामापूरचं तळं. काठाला भगवतीचं देऊळ, पाण्यापर्यंत उतरलेल्या पायऱ्या, पलीकडे डोंगर आणि झाडी. मास्तर ते तळं तीस वर्षं काढत होते आणि एकही चित्र त्यांच्या मनासारखं झालेलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत सकाळी सव्वासात ते पावणेआठ, एवढाच वेळ ते तिथे रंगवायचे. धुकं उठलेलं असतं आणि ऊन अजून पाण्यावर आलेलं नसतं. "तेवा पाणी स्वताच्या रंगाचा आसता," ते सांगत. "मागसून ता आभाळाचा होता. आभाळाचा कोणय काढीत."

त्या तळ्याची गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत असते. लग्नकार्याला गरज असली की लोक काठावर फुलं ठेवून मागणं मागत आणि तळ्यातून दागिने वर येत. कार्य झालं की परत सोडायचे. कुणीतरी एकाने ते परत केले नाहीत आणि तळं द्यायचं थांबलं. मास्तर ही गोष्ट शेजारच्या घरातली भानगड सांगावी तशी सांगत. एकदा म्हणाले, "सर, मी तीस वर्सां थंयसून उजेड उचलतंय. एकदा तरी परत करूक व्हयो."

तेव्हा त्यांची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. त्यांनी ठरवलं की एक मोठं चित्र काढायचं, सहा फूट लांब, चार फूट उंच, आणि ते भगवतीच्या सभामंडपात लावायचं. देवीला कौल लावला, तो उजवा मिळाला. देवळातल्या मंडळींनी कौतुकाने भिंतीत एक मोठा खिळासुद्धा मारून घेतला. मास्तर तो खिळा मला दाखवायला घेऊन गेले. नुसता खिळा बघून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

आता ते तेल.

उंडीच्या झाडाच्या फळांतल्या बियांपासून निघणारं तेल पूर्वी किनाऱ्यावर दिव्यात जाळत आणि होड्यांना चोपडत. घट्ट, कडवट वासाचं आणि रंगाने गडद हिरवं. कुठल्यातरी म्हाताऱ्याने मास्तरांना त्याची एक बाटली दिली. मास्तरांनी ती खिडकीत उजेडासमोर धरली आणि त्यांना त्यात तळं दिसलं. ज्या हिरव्यासाठी तीस वर्षं पिवळा आणि काळा भांडायला लावले तो आयता बाटलीत उभा होता. पेजेचा थर, म्हणजे तांबडं अस्तर, नेहमीसारखा जवसाच्या तेलातच देऊन झाला होता आणि खडखडीत वाळला होता. वरचं तूप ह्या उंडीच्या तेलाचं करायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. फक्त एक शंका होती, आणि शंका आली की ते माझ्याकडे येत. सर सायन्सचे. बी.एस्सी. झालेले. मी सांगितलेली कोणतीही गोष्ट ते पुस्तकात छापल्यासारखी धरत.

स्टाफरूममध्ये आम्ही सात-आठ जण चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. मास्तर बाटली घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"सर, ह्या कापडार सुकतला काय?"

मला पेपर संपवायचे होते. मान वर न करता मी विचारलं, "होडीवर वाळतं ना?"

"होडयेर लावतत तर."

"मग झालं तर. होडीला जे जमतं ते तुमच्या देवीला जमणार नाही?"

सगळे हसले. मलाही माझंच बोलणं आवडलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बाटली छातीशी धरली आणि म्हणाले, "तुमी सांगलात म्हणजे प्रश्नच नाय." आणि गेले. ह्या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

त्या हिवाळ्यात त्यांनी अर्धं चित्र केलं. मी एक-दोनदा पहाटेच उठून त्यांच्याबरोबर गेलो. मला काही कळत नाही असं मी वर म्हटलं आहे, पण त्या कापडावर पाणी होतं, हे मलाही दिसत होतं. ते नुसतं रंगवलेलं नव्हतं, खोल होतं. मास्तर रंगवत नव्हते तेव्हा मांडीवर हात ठेवून गप्प बसायचे. पावणेआठ वाजले, ऊन पाण्यावर आलं, की लगेच ब्रश पुसायला घेत.

पुढच्या मे महिन्यात मी मालवणला गेलो होतो. पावसाच्या आधी होड्या वर ओढून ठेवतात, त्यांची डागडुजी चाललेली. एक म्हातारा तांडेल होडीच्या अंगाला चिंधीने तेल चोळत होता. वासावरून ओळखलं, उंडीचं. सहज विचारलं, वाळायला किती दिवस लागतात?

त्याने माझ्याकडे बघितलं. "सुकता खंय? मुरता. लाकूड पिता तेका."

मी तिथे वाळूत उभा राहिलो आणि एका क्षणात सगळं समजलं. जे मला, रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला, पेपरातून मान वर काढली असती तर त्याच दिवशी समजलं असतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन आवळतं, त्याची साय धरते, ती घट्ट होते. म्हणून चित्रकार ते वापरतात. सगळी तेलं तसं करत नाहीत. उंडीचं तेल लाकडात जिरतं म्हणून होडीवर कोरडं दिसतं. आणि मास्तरांच्या कापडाला पिण्याची मुभाच नव्हती. त्यांनी ते सरस आणि अस्तर लावून, आपल्या नियमाने, नीट बंद केलं होतं. ते चित्र वाळणार नव्हतं. यंदा नाही, कधीच नाही.

अर्धंच झालं होतं. खरवडून पुन्हा जवसाच्या तेलात करता आलं असतं. हे मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलोही होतो. मास्तर ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी करंगळी वर केली आणि म्हणाले, "अजून सुकूक नाय सर, पण तुमी सांगलाहात म्हणजे सुकतला. वेळ लागतलो." मी चहा घेतला, आंब्याच्या भावावर बोललो आणि परत आलो.

मला विचाराल का, तर उत्तर अगदी क्षुल्लक आहे. मला लाज वाटली. त्या गावात मला जो मान होता तो विज्ञानाचा होता, आणि एका तांडेलाला ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती. शाळा सुरू झाली की सांगू, असं मी म्हटलं. मग गणपती झाले की सांगू. मग दुसरा हिवाळा आला आणि मास्तरांनी उरलेलं अर्धं चित्रही त्याच तेलात पूर्ण केलं. मी रोज त्यांना शाळेत बघत होतो.

चित्र झालं आणि वाट बघणं सुरू झालं. ओल्या रंगावर किडे, धूळ, माडाची कुसं चिकटू लागली, म्हणून मास्तरांनी त्याच्यावर मच्छरदाणी बांधली. ओटीच्या पुढच्या खोलीत तळं मच्छरदाणीत निजलेलं. तरी चिलटं आत शिरत. ते चिमट्याने एकेक काढत. आभाळात अडकलेलं एक राहिलंच, कारण ते काढताना रंग निघू लागला. "ऱ्हवांदे. पाखरू म्हणतीत लोक," ते म्हणाले.

गावात आधी चौकशी झाली आणि मग थट्टा. दरवर्षी जत्रेच्या आधी देवळातून निरोप यायचा, मास्तर, चित्र? आणि मास्तर म्हणायचे, "ओला आसा." चहाच्या टपरीवर कुणी म्हणायचं, "अरे, मास्तरांनी तळा काढल्यानी. तळा सुकतला कसा?" श्रावणात वाळत घातलेल्या कपड्यांना बायका 'मास्तरांचं चित्र' म्हणू लागल्या. मीसुद्धा एकदा ह्या थट्टेत हसलो. ते हसू मला अजून ऐकू येतं. त्या खिळ्याला पुढे कुणीतरी लाइटच्या माळेची वायर गुंडाळून ठेवली. अजून असेल.

मास्तरांचा विश्वास मात्र हलला नाही. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते माझ्या टेबलाशी येऊन करंगळी दाखवत. बोटाच्या टोकाला हिरवट चकाकी. "चिकट आसा, पण गेल्या शनिवारपेक्षा कमी." ती कमी नसायची. निवृत्त झाल्यावर ते फोनवर सांगू लागले. वहिनींनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "सर, खरा सांगा, सुकतला मा ता? ह्येंनी दुसरा चित्रच काढूक घेवक नाय. ह्या एकदा सुकांदे म्हणतत." मी म्हणालो, हवामानावर आहे वहिनी. एवढं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

मग त्यांचे डोळे गेले. साखर होतीच, ती डोळ्यांच्या पडद्यावर उतरली. कोल्हापूरला नेलं, सुया झाल्या, लेसर झालं. आधी कडा गेल्या, मग रंग. एकदा मला म्हणाले, "आता माका सगळा हिरवाच दिसता सर. देवान बरोबर शिक्षा दिल्यान." आणि हसले. त्यानंतर दोनेक वर्षांत नुसता उजेड-अंधार तेवढा उरला. शनिवारचा फोन चालूच होता. बोटाचं टोक दिसत नसल्यामुळे आता ते अंगठ्यावर घासून चिकटपणा बघत.

मी निवृत्त झालो त्या मे महिन्यात सामान बांधलं आणि निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेलो. तेलाचा प्रश्न विचारल्याला सहा वर्षं उलटली होती. मनात ठरवलं होतं की ह्या खेपेला सांगितल्याशिवाय उठायचं नाही. घाट चढून गेल्यावर मला हे सांगता येणार नव्हतं आणि सांगितल्यावाचून मला घाटही चढता येणार नव्हता. त्यांच्यासाठी सांगत होतो की माझ्यासाठी, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

वहिनींनी कोकमाचं सरबत दिलं. मास्तर खुर्चीत बसले होते, शर्ट पांढरा स्वच्छ. पहिल्यांदाच. मी म्हणालो, "मास्तर, ते चित्र वाळणार नाही."

"पावस लवकर इलो तर नाय सुकूचा."

"तसं नाही. ते तेलच वाळणारं नाही. होडीत ते मुरतं. तुमचं कापड बंद होतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

बाहेर कुणीतरी काजूची टरफलं जाळत होतं, त्याचा धूर आत येत होता.

"तुमका कधी कळला?"

"पहिल्याच उन्हाळ्यात. अर्धं झालं होतं तेव्हा."

मास्तरांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी रागाची तयारी करून गेलो होतो. ते नुसता हिशेब लावल्यासारखे म्हणाले, "तेवा माका दिसत होता, सर."

मग म्हणाले, "परत काढलं असतंय मी."

मी मान खाली घालून बसलो. माफी मागितली, ती त्यांच्यापर्यंत पोचली की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने ते उठले आणि हात पुढे केला. मला वाटलं, जा म्हणतायत. पण ते म्हणाले, "माका थंय न्या."

मी त्यांना पुढच्या खोलीत नेलं. त्यांनी चाचपडत मच्छरदाणी वर केली. करंगळी पुढे जाईल, खालच्या डाव्या कोपऱ्याला टेकेल, असं मला वाटलं. त्यांनी सबंध तळवा टेकवला, तळ्याच्या अगदी मधोमध. सहा वर्षांत त्या चित्राला करंगळीच्या टोकाशिवाय काही लागलं नव्हतं. मग त्यांनी हात फिरवायला सुरुवात केली. पाटी पुसावी तसा, सावकाश, डावीकडून उजवीकडे. पाणी गेलं, पाण्यातली झाडं गेली, पायऱ्या गेल्या.

वहिनी धावत आल्या. "अवो, काय करतात ह्या? सर, धरा त्येंका!"

"सुकूचाच नाय, तर जपूचा कित्याक?" मास्तर म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

मी त्यांना धरलं नाही. धरायचा अधिकार मला उरला नव्हता. त्यांचे हात पोचत होते तिथपर्यंतचं सगळं त्यांनी पुसलं आणि मग दमून तिथेच जमिनीवर बसले. दोन्ही हात मनगटापर्यंत हिरवे. वहिनी भिंतीला टेकून रडत होत्या. रडता रडताच आत गेल्या, खोबरेलाची वाटी आणि एक जुनं धोतर आणून माझ्यासमोर ठेवलं. रंगाचे हात मास्तर नेहमी खोबरेलाने साफ करत. मी त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट पुसू लागलो. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीपर्यंत आलो तर ती स्वच्छ होती. एवढं सगळं पुसतानाही त्यांनी ती वेगळी धरली होती.

"आता थंय काय दिसता?" त्यांनी विचारलं.

मी वर बघितलं. मधोमध, जिथे पाणी होतं तिथे, जांभ्याचा तांबडा रंग उघडा पडला होता.

"तांबडं. खालचं अस्तर आहे."

"हात लावन बघा. सुकलाहा?"

मी उठलो. कुठलं बोट लावावं कळेना. शेवटी करंगळीच टेकवली. खडखडीत होतं. बोटाला काही लागलं नाही.

"हो," मी म्हणालो. "कोरडं आहे."

"आसतलाच," मास्तर म्हणाले. "ता तुमका इचारूच्या आधीचा."